धबधबा सुरू कुठून होतो?

जुलै उजाडला की शाळाशाळांतून पावसाळी सहलीची चर्चा सुरू होते. सातारा भागात तरी त्या चर्चेचा शेवट बहुतेक वेळा ठोसेघरपाशी होतो. साताऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर, वाटेत सज्जनगड. सकाळी गड, दुपारी धबधबा, मध्ये कुठंतरी भाजलेलं कणीस आणि भजी, संध्याकाळी परत. मुलं खूश, शिक्षक दमलेले. यात वाईट काहीच नाही. पण या सहलीत एक मोठी गोष्ट राहून जाते, आणि ती म्हणजे धबधब्याच्या डोक्यावरचं पठार. मुलं पाणी पडताना बघतात. ते पाणी पडायच्या आधी कुठं होतं, हे कुणी दाखवत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. धबधबा दाखवायचा असेल तर आधी मुलांना पठारावर न्या, मग धबधब्याकडे. क्रम उलटा केला की काय होतं हे मी अनेकदा पाहिलंय. धबधबा बघून झाल्यावर पठारावर गाडी थांबवली, की पहिलाच उद्गार येतो, "बाई, हितं काय बघायचं? हितं तर कायच न्हाई!" लांबवर पसरलेला काळा-तांबूस कातळ, त्यावर घोट्याएवढं गवत, साचलेल्या पाण्याची डबकी, एखादं खुरटं झुडूप आणि धुकं. झाड म्हणून नाही. मोठ्या माणसांनाही तसंच वाटतं. सातबाऱ्यावर अशा जमिनीला 'पोटखराबा' म्हणतात, म्हणजे जिथं पीक निघत नाही ती जमीन. महसुली हिशेबासाठी तो शब्द ठीक आहे. पण तोच शब्द हळूहळू आपल्या डोक्यात जाऊन बसतो, आणि 'पीक नाही' याचा अर्थ 'काहीच नाही' असा होऊन जातो. पुढचं सगळं या एका गैरसमजाबद्दल आहे.

आधी खडक समजून घेऊ.

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर पृथ्वीवरून नाहीसे झाले त्याच सुमारास, आपल्याकडे जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक थर पसरला, थंड झाला, मग त्यावर दुसरा. महाराष्ट्राचा बहुतांश भाग या थरांनी बनला आहे. यालाच भूगोलाच्या पुस्तकात दख्खनचा ट्रॅप म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यासाठीच्या शब्दावरून आला. सज्जनगडाच्या वाटेवरून समोरचे डोंगर बघा, पायऱ्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. सगळे थर सारखे नसतात. काही घट्ट आणि कठीण, तर काहींत लाव्हामधल्या वायूंच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिलेल्या, ते लवकर झिजणारे. दोन थरांच्या मध्ये कुठंकुठं लाल मातीसारखी पट्टीही दिसते. वाहतं पाणी मऊ थर भराभर खातं आणि कठीण थर तसाच पुढे आलेला राहतो. वरच्या कठीण थराची कड आणि खाली खोल गेलेली दरी, झाला धबधबा तयार. कठीण थराखालचा मऊ भाग झिजत गेला की वरचा खडक आधाराविना राहतो आणि कधीतरी तुटून पडतो. म्हणजे धबधबा एका जागी उभा नसतो, तो अगदी सावकाश मागे मागे, पठाराच्या दिशेनं सरकत असतो. धबधब्याच्या पायथ्याशी पडलेले मोठाले धोंडे मुलांना दाखवा आणि विचारा, हे कुठून आले असतील? उत्तर त्यांनीच शोधावं.

आता सगळ्यात वरचा थर. तो काळा बेसॉल्ट नाही, तांबडा जांभा आहे. कोकणातल्या लोकांना हा सांगायला नको, त्यांची घरं याच्याच चिऱ्यांची. गरम हवा आणि धो धो पाऊस यांत बेसॉल्ट हजारो-लाखो वर्षं कुजत राहिला. त्यातली विरघळणारी द्रव्यं आणि सिलिका पाण्याबरोबर निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. लोखंड गंजतं तसा त्याचा रंग, आणि वरून हवेत वाळून कडक झालेलं कवच. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्यानं मलबारात लोक या दगडाच्या विटा कापताना पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटेराइट' हे नाव दिलं. महाबळेश्वर, पाचगणीचं टेबललँड, कास, चाळकेवाडी या सगळ्यांच्या माथ्यावर ही तांबडी टोपी आहे. कोकणात अशा पठारांना सडा म्हणतात. आपल्याकडेही पाटण तालुक्यात सडावाघापूर नावाचं गाव आहेच.

ठोसेघरला पडणारं पाणी तारळी नदीचं. ते चाळकेवाडीच्या बाजूच्या पठारांवरून उतरून येतं, इथं दरीत झेप घेतं, पुढं तारळ्यावरून जाऊन उंब्रजजवळ कृष्णेला मिळतं. म्हणजे चाळकेवाडीला पावसात उभं राहिलेलं पोर, त्याच्या टोपीवरून ओघळलेला थेंब, आणि खाली धबधब्यात दिसणारं पाणी यात फारसं अंतर नाही. हे अंतर मुलांना चालत जाणवलं पाहिजे.

इथं एक हिशेब फळ्यावर घालावा. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला तर किती लिटर पाणी होतं? १०,००० लिटर. आषाढात घाटमाथ्यावर दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस ही काही बातमी नसते. एक चौरस किलोमीटर पठार म्हणजे १०० हेक्टर. गुणाकार मुलांना करू द्या. १० कोटी लिटर येतात. उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा टँकर साधारण १०,००० लिटरचा धरला, तर दहा हजार टँकर. एका दिवसात, एका चौरस किलोमीटरवर. टँकरची रांग माहीत असलेल्या मुलांना हा आकडा कुठल्याही तक्त्यापेक्षा लवकर कळतो.

या पाण्याचं पुढं काय होतं ते पठाराच्या स्वभावावर अवलंबून. जांभ्याचं वरचं कवच कडक, त्यावर माती बोटभर, कुठं तीही नाही. त्यामुळं बरंचसं पाणी लगेच वाहायला लागतं. काही पाणी खोलगट जागांत साचून डबकी होतात, ती पुढं महिना-दोन महिने टिकतात. आणि काही पाणी जांभ्याच्या भोकांतून, भेगांतून आत उतरतं. जांभा सच्छिद्र असतो, चिरा पाण्यात बुडवून वजन करून बघा. आत उतरलेलं पाणी खाली चिकणमातीसारख्या थरापाशी अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. डोंगराच्या अंगावरच्या कित्येक वाड्यांचं प्यायचं पाणी या झऱ्यांचं असतं. म्हणून मी म्हणते, पठार ही गावाच्या डोक्यावरची टाकी आहे. टाकीवर ट्रक फिरवायचा का, कचरा टाकायचा का, तिला भोकं पाडायची का, हे प्रश्न मग वेगळे विचारावे लागत नाहीत.

वर्गात हे दाखवायला फार काही लागत नाही. एका तिरप्या ट्रेमध्ये शहाबादी फरशीचा तुकडा, दुसऱ्यात मुळांसकट काढलेलं गवताचं ढेकूळ. झारीनं दोन्हीवर सारखंच लिटरभर पाणी घाला, खाली भांडं ठेवा आणि घड्याळ लावा. फरशीवरचं पाणी क्षणात भांड्यात. गवतावरचं सावकाश, कमी, आणि बराच वेळ ठिबकत राहणारं. सातवीच्या मुलांनी यावर स्वतःच विचारलं होतं, "मग ठोसेघर फेब्रुवारीत का आटतो, ते कळलं की!" बरोबर. कातळावरून आलेलं पाणी कातळासारखंच घाईत जातं.

पालकांनी या प्रयोगातून आणखी एक गोष्ट समजून घ्यावी, आणि ही मी जरा ठासूनच सांगते. पावसाळ्यात धबधब्याखाली, ओढ्यात, दरीतल्या डोहात मुलांना उतरवू नका. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरीही. पाऊस वर पठारावर पडत असतो, पठार पाणी धरून ठेवत नाही, आणि तो लोंढा खाली यायला फार वेळ लागत नाही. पाणी एकदम गढूळ झालं, पाला-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज जड झाला, तर तो इशारा समजायचा आणि कडेला नाही, उंचावर जायचं. पण खरं म्हणजे इशाऱ्याची वाट बघावी लागेल अशा जागी जायचंच कशाला? ठोसेघरला दरीच्या या बाजूला कठडे घातलेली जागा आहे, तिथून समोरचा मोठा धबधबा पूर्ण दिसतो, बाजूला लहान धबधबेही दिसतात. धबधबा बघण्याची वस्तू आहे. त्यात भिजायचं असेल तर आकाशातून पडतंय तेवढं पुरे. शेवाळलेला बेसॉल्ट हा साबण लावलेल्या फरशीसारखा असतो, चपला कितीही महागाच्या असोत.

याच कठड्यापाशी दहावीच्या मुलांना एक काम देता येतं. धबधब्याच्या उंचीचे आकडे फलकावर, पुस्तकांत, मोबाईलवर वेगवेगळे सापडतात. मग आपणच मोजू. कोनमापक, दोरा आणि छोटं वजन बांधून उन्नत कोन मोजायचं साधन करा. माथ्याचा उन्नत कोन, पायथ्याचा अवनत कोन, आणि समोरच्या कड्यापर्यंतचं अंतर मोबाईलच्या नकाशावरून. दोन्ही कोनांच्या टॅनची बेरीज गुणिले अंतर. पाच गटांची पाच उत्तरं येतील, आणि का वेगळी आली यावर परतीच्या गाडीत जी भांडणं होतात ती त्रिकोणमितीच्या तासाला कधी होत नाहीत.

सडावाघापूरला याच डोंगररांगेत एक गंमत बघायला मिळते, उलटा धबधबा. पाणी कड्यावरून खाली पडण्याऐवजी फवारा होऊन वर उडतं. जादू नाही. समुद्राकडून येणारा पावसाळी वारा कड्यावर आपटतो, त्याला पुढं जायला वाट नसते म्हणून तो कड्याच्या भिंतीला धरून वर चढतो. पाण्याची धार बारीक असली की वाऱ्याचा जोर तिच्या वजनावर मात करतो. वारा पडला की धबधबा सुलटा. हाच वर चढणारा वारा थंड होतो, त्यातली वाफ पाणी होते आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. प्रतिरोध पाऊस हा धडा आकृती न काढता शिकवायचा असेल तर याहून चांगली जागा नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि अवघ्या वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्माही नाही.

आता त्या "कायच न्हाई" पठाराकडे वळू. त्यासाठी ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर गाठायचा. साताऱ्याच्या पश्चिमेला, यवतेश्वरचा घाट चढून गेलं की पंचवीसेक किलोमीटरवर कास. उंची १२०० मीटरच्या आसपास. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या. त्यांतल्या महाराष्ट्रातल्या चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कासवर आणि भोवताली ८५० हून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. बोटभर मातीवर!

मुलांना थेट प्रश्न विचारा. इथं झाडं का नाहीत? मुळं जायला जागा नाही. पावसाळ्यात पाणी तुंबतं, उन्हाळ्यात तोच कातळ तव्यासारखा तापतो. वारा तर उभं राहू देत नाही. मातीत नायट्रोजन आणि फॉस्फरस अगदी कमी, कारण सगळं धुऊन जातं. अशा जागी जगायचं तर बुटकं राहा, चार महिन्यांत उगवा, फुला, बी टाका आणि संपा. किंवा कंद होऊन जमिनीत झोपा. तेरडा पहिल्या पद्धतीचा. चवर, म्हणजे रानहळदीची भावंडं, दुसऱ्या पद्धतीची.

आणि काहींनी तिसरीच वाट काढली, किडे खायची. निळ्या-जांभळ्या 'सीतेच्या आसवां'चे गालिचे सगळे फोटोत काढतात, पण त्या नाजूक फुलाच्या मुळापाशी बारीक बारीक फुगे असतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या दारावरच्या केसाला लागला की दार उघडतं, पाण्यासकट जीव आत ओढला जातो आणि दार बंद. पापणी लवायच्या कितीतरी आधी. जवळच गवतातला दवबिंदू, त्याच्या पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब, किडा बसला की अडकला. मातीतून नायट्रोजन मिळत नाही, तो किड्यातून घ्यायचा. दवबिंदूची भावंडं इंग्लंडमधल्या ओसाड, दलदलीच्या माळांवरही उगवतात, कारण तिथलीही माती अशीच उपाशी. १८६० सालच्या उन्हाळ्यात ससेक्समधल्या अशाच एका माळावर चार्ल्स डार्विनला दवबिंदूच्या पानांवर अडकलेले किडे दिसले. तो नाद पंधरा वर्षं चालला आणि १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर त्याचं आख्खं पुस्तक आलं. मुलांना डार्विन म्हणजे माकड आणि माणूस एवढंच ठाऊक असतं. माळावर गुडघे टेकून किडे मोजणारा डार्विन त्यांना जास्त आवडतो.

पांढऱ्या बटणांसारखे गेंद, पिवळी सोनकी, लहान मुलं जिला मिकी माऊस म्हणतात ती कवल्याच्या जातीतली पिवळी फुलं, सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी. सगळ्यांची यादी देत नाही, ती चांगल्या चित्रपुस्तिकांत मिळते. पण वायतुऱ्याचं नाव घ्यायलाच हवं. डबक्यांच्या उथळ पाण्यात उगवणारं, इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा असलेलं हे झाड. शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. साताऱ्याच्या नावानं जगभर ओळखली जाणारी वनस्पती, आणि ती जगते कुठं तर आपण ज्याला पोटखराबा म्हणतो त्यावरच्या डबक्यात.

चाळकेवाडीकडेही अशा दोन गोष्टी आहेत. २००८ साली तिथून एका पालीची नवी जात विज्ञानाला कळली, हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस. आणि २०१६ साली तिथल्या सरड्याला नवं नाव मिळालं, सरडा सुपर्बा. हो, 'सरडा'. संशोधकांनी प्रजातीगटाचं नावच आपल्या मराठी शब्दावरून ठेवलं. आता जगातल्या कुठल्याही विद्यापीठात या प्राण्यावर लिहायचं तर सरडा म्हणावंच लागतं. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचीही मान वर होते. नराच्या गळ्याखाली पंख्यासारखी कातडी असते, ती उघडली की निळा, काळा आणि केशरट लाल रंग चमकतो.

याच सरड्यानं चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांबद्दल एक फार महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथं पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली. २०१८ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी खूपच कमी, जवळजवळ चौपटीनं कमी आढळले. त्यामुळं सरडे वाढले. एवढ्यावर थांबलं असतं तर सरड्यांची चैन म्हटली असती. पण तिथले सरडे माणूस जवळ आला तरी लवकर पळत नाहीत, त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं कमी, आणि दाटी वाढल्यानं खाण्याची चढाओढ होऊन ते अंगानं हडकलेले. नरांच्या गळ्याचा रंगसुद्धा फिका. पातं फिरतं आकाशात, आणि जमिनीवरच्या सरड्याचा रंग उतरतो. अन्नसाखळी ही गवत, टोळ, बेडूक, साप, घार अशी बाणांनी जोडलेली ओळ म्हणून शिकवतो आपण. इथं ती साखळी वरून ओढली की खालपर्यंत कशी हलते ते दिसतं.

हे सांगताना मुलं लगेच विचारतात, "मग पवनचक्क्या वाईट का?" इथं घाई करू नये. त्याच चक्क्यांच्या विजेवर कुणाच्या घरातला दिवा लागतो, आणि कोळसा जाळण्यापेक्षा वारा बरा, हे खरंच आहे. प्रश्न चक्की हवी की नको असा नाही, ती कुठं उभी करायची, असा आहे. आणि 'इथं काहीच नाही, उभी करा' असं जिथं पटकन म्हटलं जातं, ती जागा नेमकी पठार असते. हा वाद वर्गात रंगू द्यावा, निकाल देऊ नये.

आता शिक्षक मंडळींशी थोडं स्पष्ट बोलते. दर पावसाळ्यात आपल्याला वृक्षारोपणाचं पत्रक येतं, उद्दिष्ट असतं, फोटो पाठवायचे असतात. मोकळी जागा शोधताना नजर पठारावर जाते. तिथं रोपं लावू नका. कृपा करून नको. खड्डा खणायला कातळाचं कवच फोडावं लागतं, बाहेरची माती आणून टाकावी लागते, तिच्याबरोबर बाहेरच्या गवतांचं बी येतं. ऑस्ट्रेलियन बाभळीसारखं एखादं झाड तगलंच, तर त्याच्या सावलीत ऊन मागणारी ही बुटकी फुलं जगत नाहीत. म्हणजे पन्नास रोपांसाठी आपण जो मोडतो तो पन्नास जातींचा संसार असतो. झाडं लावावीत, जरूर लावावीत, गावठाणात, शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, ओढ्याच्या काठानं. पठाराला झाडांची उणीव नाही. उघडं असणं हेच त्याचं पूर्णपण आहे. पत्रकाला उत्तर म्हणून हवं तर पठारावरच्या फुलांची नोंदवही पाठवा. आम्ही चौकोनी मीटरभर दोरी टाकून आत किती प्रकारची पानं दिसतात ते मोजतो, हात न लावता. एका दोरीत पंधरा प्रकार सापडले की "कायच न्हाई" म्हणणारं पोरच पुढच्या गटाला ओरडतं, "ए, पाय बघून ठेव!"

कासला आता ऑनलाइन नोंदणी आहे, दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे, आणि आसपासच्या गावांच्या समित्या व्यवस्था बघतात. कुंपण घालावं की नको, गुरं चरू द्यावीत की नको, यावर बरीच वर्षं वाद चालला. मला स्वतःला गुरांचा मुद्दा पटतो. ही पठारं पिढ्यान्‌पिढ्या चराईखाली होती, शेणखत पडत होतं, उंच गवत खाल्लं जात होतं म्हणून बुटक्या फुलांना ऊन मिळत होतं. माणूस आणि त्याची गुरं काढून टाकली की निसर्ग आपोआप सुधारतो, असं दरवेळी नसतं. पण शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्यांची रांग आणि शंभर वर्षांची चराई यांना एकाच मापानं मोजू नये. सहल न्यायची तर आठवड्याच्या मधल्या वारी न्या.

कासवर उभं राहून नकाशा उघडण्यासारखं आहे. पूर्वेकडं उतरलेलं पाणी उरमोडीत जातं, सज्जनगडावरून जे धरण दिसतं ते तिचंच. पश्चिमेकडं उतरलेलं पाणी बामणोलीच्या बाजूनं कोयनेच्या शिवसागर जलाशयात. उरमोडी कृष्णेला मिळते, कोयनाही कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, म्हणजे दोन्ही थेंब बंगालच्या उपसागराचे वाटसरू. फक्त कोयनेच्या काही पाण्याला माणसानं डोंगराच्या पोटातून बोगदा काढून पश्चिमेकडं वळवलंय. पोफळीच्या वीजगृहात चक्र फिरवून ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. एकाच पठारावर शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांपैकी एक आंध्रात समुद्राला मिळतो आणि दुसरा चिपळूणच्या खाडीतून. मुलांना दोन थेंबांचं आत्मवृत्त लिहायला सांगा. 'मी नदी बोलतेय' या ठरीव निबंधापेक्षा बरं काहीतरी हाती लागतं.

जमलं तर दुसरी फेरी एप्रिल-मेमध्ये काढा. ही सहल म्हणून कुणी काढत नाही, पण चार-पाच मुलांना घेऊन सकाळी लवकर जाऊन येण्यासारखी आहे. ठोसेघरला कडा कोरडा असतो. पावसात पाण्यामागं लपलेले थर आता एकावर एक मोजता येतात, कठीण कुठला, मऊ कुठला, लाल पट्टी कुठं, सगळं उघडं. मग वर चाळकेवाडीला. गवत वाळून पिवळं, डबकी आटून भेगाळलेली, वायतुरा कंद होऊन खाली झोपलेला. ऊन चढायला लागलं की एखाद्या दगडावर सरडा येऊन बसतो, मान ताठ करतो आणि गळ्याचा पंखा उघडतो. तेव्हा कुणी काही बोलायचं नाही, एवढं मात्र मुलांना आधीच बजावून ठेवा.